कृपेने तारण : आधी काय आणि नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा : ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, म्हणजे फुकट मिळते. मग चांगले वागायची गरजच काय? आणि गरज असेल, तर ते फुकट कसे? त्यात कॅथलिक एक सांगतात, प्रोटेस्टंट दुसरे आणि ऑर्थोडॉक्स तिसरेच.

आधी उत्तर, मग तपशील. सत्कृत्ये हवीत यावर या तिन्ही परंपरांचे एकमत आहे. पहिले पाऊल देवाचे, यावरही आहे. कृपेची शिकवण मुळात क्रमाची शिकवण आहे : काय आधी येते आणि काय त्यातून पुढे निघते. दोन्हीकडचे घटक तेच ठेवून नुसती जागा बदलली की शिकवण उलटी होते. 'चांगला वाग, म्हणजे देव तुला स्वीकारील' आणि 'देवाने तुला स्वीकारले आहे, आता चांगला वाग' या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत, पण पहिले ख्रिस्ती शुभवर्तमान नव्हे.

शब्दापासून सुरुवात करू, कारण मराठीत 'कृपा' फार सैल वापरला जातो. 'कृपा करून दार लावा' इथपासून 'देवाच्या कृपेने पाऊस चांगला झाला' इथपर्यंत. पाऊस सज्जन-दुर्जन दोघांच्या शेतात पडतो हे बायबलमध्ये मत्तय 5:45 येथेही आहे. धर्मशास्त्री त्याला सामान्य कृपा म्हणतात. तारणाच्या संदर्भातली कृपा वेगळी. नव्या करारातला ग्रीक शब्द 'खारिस'. त्या काळच्या बोलीत त्याचे तीन अर्थ एकमेकांत गुंतलेले होते : देणाऱ्याची मर्जी, दिलेली देणगी आणि घेणाऱ्याची कृतज्ञता. 'युखारिस्त' म्हणजे उपकारस्तुती आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपादान, दोन्ही याच मुळातून आलेले. देणे आणि आभार एकाच शब्दकुळात राहतात ही गोष्ट पुढे कामाला येईल.

'दया म्हणजे हक्काची शिक्षा न मिळणे, कृपा म्हणजे हक्क नसलेले दान मिळणे' हे सूत्र प्रवचनांत सर्रास ऐकू येते. लक्षात ठेवायला सोपे आहे, पण त्यावर अर्थाची इमारत बांधू नये. जुन्या करारात कृपेच्या अंगाने जाणारे दोन हिब्रू शब्द आहेत, 'खेन' आणि 'हेसेद'. ग्रीक भाषांतरकारांनी 'खेन'साठी बहुधा 'खारिस' वापरला, पण करारनिष्ठ प्रेम सांगणाऱ्या 'हेसेद'साठी बहुतेक ठिकाणी 'एलेओस', म्हणजे दया, हा शब्द घेतला. शास्त्रात दया आणि कृपा या शेजारच्या खोल्या आहेत, मधले दार उघडेच असते.

कृपेची सर्वांत काटेकोर व्याख्या पौल, म्हणजे नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक, हिशेबाच्या भाषेत करतो. रोमकरांस पत्राच्या 4:4-5 मध्ये तो म्हणतो, काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ती कृपा नव्हे, देणे लागते म्हणून दिलेली रक्कम आहे. त्या अध्यायात 'लोगिझोमाइ', म्हणजे 'हिशेबात धरणे', हे क्रियापद 11 वेळा येते. आणि 6:23 मध्ये तो पापाकडून मिळते त्याला 'ओप्सोनिया' म्हणतो, सैनिकाच्या भत्त्यासाठी वापरला जाणारा शब्द. देवाकडून मिळते त्याला 'खारिस्मा'. मरण हा कमावलेला पगार, जीवन हे दान. मागता येतो तो पगार. दान मागण्याचा हक्क नसतो.

आता क्रम.

दहा आज्ञा जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात आहेत, पण त्या अध्यायाचे पहिले वाक्य आज्ञा नाही. 'मी तुला मिसरातून, दास्यगृहातून बाहेर आणले' हे आधी येते. लोक समुद्र पार करून आले, मग नियम मिळाले. नियम पाळले म्हणून समुद्र दुभंगला नाही. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'यहुदी धर्म म्हणजे नुसते नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा' ही विभागणी चुकीची आहे. नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी 1977 मध्ये पहिल्या शतकाच्या आसपासच्या यहुदी ग्रंथांच्या आधारे दाखवले की त्या परंपरेतही देवाशी असलेल्या करारात प्रवेश देवाच्या निवडीने मिळत होता आणि नियमपालन हे करारात टिकून राहण्याचे वागणे होते. सँडर्स यांच्या मांडणीवर आजही वाद आहेत, पण जुने व्यंगचित्र आता कोणी जाणकार वापरत नाही.

शुभवर्तमानांत हाच क्रम गोष्टींच्या सांध्यात दडलेला आहे. जकातदार जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवून घेतलेले चौपट परत करायला निघतो, पण ते लूक 19:8 मध्ये. 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' हे येशूचे वाक्य 19:5 मधले. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राने डुकरांजवळ बसून एक भाषण तयार केले होते : मी पाप केले, मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा (लूक 15:18-19). घराजवळ येतो तेव्हा बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो; मुलगा भाषण सुरू करतो आणि दोन वाक्यांनंतर बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. 'मजूर म्हणून ठेवा' हे तिसरे वाक्य 15:21 मध्ये नाहीच. गाळले गेले ते नेमके मजुरीचे वाक्य. वाचणारे बहुतेक जण मुलाच्या पश्चात्तापावर थांबतात, या गाळलेल्या वाक्याकडे लक्ष देत नाहीत.

इफिसकरांस पत्र 2:8-10 हे या विषयाचे पाठ केले जाणारे वचन, आणि ते अर्धवट उद्धृत करण्याची खोड जुनी आहे. 8 आणि 9 व्या ओवीत कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, असे आहे. 10 व्या ओवीत लगेच आहे की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. आठवी-नववी सोडली तर कर्मवाद उरतो, दहावी सोडली तर बेफिकिरी. कर्मे दोन्हीकडे आहेत. 'मुळे' म्हणून नाहीत, 'साठी' म्हणून आहेत.

आठव्या ओवीवर आणखी एक प्रश्न हमखास येतो : 'हे देवाचे दान आहे' यातले 'हे' म्हणजे विश्वास का? व्याकरण पाहा. ग्रीकमध्ये 'खारिस' आणि 'पिस्तिस' (विश्वास) दोन्ही स्त्रीलिंगी, आणि 'हे' नपुंसकलिंगी. त्यामुळे ते एका शब्दाला न लागता आधीच्या सगळ्या विधानाला लागते असे समजणे सयुक्तिक. कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेले तारण ही सगळी गोष्टच दान.

आता सर्वांत अवघड गाठ. पौल म्हणतो मनुष्य कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो (रोम 3:28). नव्या करारातल्या दुसऱ्या एका पत्राचा लेखक याकोब म्हणतो नुसत्या विश्वासाने नव्हे, कर्मांनी ठरतो (याकोब 2:24). दोघेही साक्षीला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम यालाच उभा करतात आणि उत्पत्ति 15:6 हेच वचन देतात. पौलाचा युक्तिवाद शुद्ध कालक्रमाचा आहे. रोम 4:10 मध्ये तो विचारतो, अब्राहामाला नीतिमान गणले ते सुंतेच्या आधी की नंतर? आधी, कारण विश्वास उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात आणि सुंता 17 व्या. सोळाव्यात इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा आहे, सुंतेच्या वेळी 99 वर्षांचा. म्हणजे मधे किमान 13 वर्षे. याकोब पुढची घटना घेतो, 22 व्या अध्यायातली, मुलगा इसहाक याला बळी द्यायला वेदीवर नेण्याची. एकाचा प्रश्न आहे 'सुरुवात कशाने झाली', दुसऱ्याचा 'सुरुवात खरी होती हे कशावरून'. पौलाला सुंता आणि आज्ञापालन ही प्रवेशाची अट करणाऱ्यांशी बोलायचे आहे. याकोबाला अशा माणसाशी, जो उघड्या-उपाशी भावाला 'सुखी राहा' म्हणून हात न हलवता निघून जातो. डॉक्टरने एका रोग्याला मीठ बंद करायला सांगितले आणि दुसऱ्याला खायला सांगितले, म्हणून वैद्यकशास्त्र खोटे ठरत नाही.

मग विश्वासाची जागा कुठे? जुने प्रोटेस्टंट धर्मशास्त्री विश्वासाचे तीन भाग करतात : माहिती असणे, ती खरी मानणे आणि त्या व्यक्तीवर भार टाकणे. पहिले दोन तर भुतांकडेही आहेत, असे याकोब 2:19 सुचवतो. तिसऱ्याशिवाय विश्वास पुरा होत नाही. पण हा विश्वास म्हणजे तिकिटाची किंमत नव्हे. 'देवाने कर्मांची मोठी फी माफ केली आणि विश्वासाची लहान फी लावली' ही कल्पना मनात पक्की बसते आणि त्रास देते, कारण मग माणूस दिवसरात्र स्वतःचा विश्वास मोजत बसतो : पुरेसा आहे का, खरा आहे का, कालच्यापेक्षा कमी झाला का? विश्वास म्हणजे घेणारा रिकामा हात. हात किती बळकट यावर दानाची किंमत ठरत नाही. मार्क 9:24 मधला बाप एकाच दमात 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' म्हणतो आणि त्याचा मुलगा बरा होतो.

परंपरांमध्ये फरक कुठे पडतो ते समजायला इतिहासाचा थोडा भाग लागतो. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस हा ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता की देवाने बुद्धी, इच्छास्वातंत्र्य, नियमशास्त्र आणि ख्रिस्ताचे उदाहरण दिले, हीच कृपा. आता चालायचे माणसाने. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (354-430) यांचे म्हणणे : इच्छाशक्तीच आजारी आहे, तिला नकाशा नको, उपचार हवा. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. नंतर एक मधला मार्ग निघाला : सुरुवात माणसाने करावी, मग देव साथ देतो. 529 मध्ये ऑरेंजच्या सभेने तोही नाकारला. विश्वासाची सुरुवात, देवाकडे वळण्याची पहिली ओढसुद्धा, कृपेचेच काम आहे असे ठरवले. त्याच सभेने देव कोणालाही पापासाठी नेमतो हे मतही धिक्कारले. 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' ही म्हण बायबलमधली आहे असे अनेकांना वाटते. ती तिथे नाही, आणि ऑरेंजच्या सभेत ती टिकली नसती.

नव्या कराराचे अभ्यासक जॉन बार्कले यांनी 2015 मध्ये पौलावरच्या ग्रंथात एक उपयुक्त हत्यार दिले. ते म्हणतात, 'कृपा' शब्दाला लोक सहा वेगवेगळ्या दिशांनी ताणतात : ती विपुल आहे, ती आधी येते, ती अपात्राला मिळते, ती हमखास परिणाम करते, देणाऱ्याच्या ठायी दानाखेरीज दुसरे काही नाही, आणि ती परतफेडीची अपेक्षा करत नाही. पेलागियस पहिल्या दोन दिशांना भरभरून मान्यता देत होता. म्हणून 'तो कृपा मानत नव्हता' हे म्हणणे चूक. ऑगस्टीन कृपा जास्त मानत नव्हते, वेगळी मानत होते. कोणाशीही वाद घालण्यापूर्वी समोरचा या सहांपैकी काय म्हणतोय ते पाहावे. निम्मे वाद तिथेच विरतात.

मूळ प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. पौलाच्या लेखी दानाला पूर्वअट नाही : लायकी, वंश, वागणूक, काहीच पाहिलेले नाही. पण त्या काळात दान म्हणजे नाते होते. घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे, नात्याला साजेसे वागावे हे गृहीतच होते. अट आधी नाही, अपेक्षा नंतर आहे. 'फुकट म्हणजे नंतर काहीही केले तरी चालते' हा अर्थ पौलाच्या वाचकाच्या डोक्यात सहसा आला नसता. 'पाप करत राहू, म्हणजे कृपा वाढेल का' हा प्रश्न तो स्वतः रोम 6:1 मध्ये विचारतो आणि तिथेच फटकारून लावतो. आणि फुकट म्हणजे स्वस्त नव्हे. घेणाऱ्याला काही पडत नाही, देणाऱ्याला क्रूस पडला. 1937 मध्ये जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर यांनी पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटणाऱ्या प्रचाराला 'स्वस्त कृपा' म्हटले ते याच फरकासाठी.

सोळाव्या शतकातला वाद पहिल्या पावलाचा नव्हताच. तो असा : देव माणसाला नीतिमान ठरवतो म्हणजे नक्की काय करतो? प्रोटेस्टंट परंपरेची सुरुवात करणारे मार्टिन लूथर आणि त्यांच्या मागून आलेले म्हणाले, न्यायालयात निकाल देतो. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपल्या खात्यावर धरतो. म्हणून माणूस एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही. कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 13 जानेवारी 1547 रोजी, सहाव्या सत्रात, सांगितले : देव नुसते ठरवत नाही, घडवतो, कृपा आत ओतली जाते आणि माणूस खरोखर बदलतो. लोकांना वाटते ट्रेंटने 'कर्मांनी तारण' शिकवले. त्या सत्राचा पहिलाच नियम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते म्हणणाऱ्याला बहिष्कृत ठरवतो, आणि आठवा अध्याय म्हणतो की नीतिमान ठरण्याच्या आधीचे काहीही, विश्वासही नव्हे आणि कर्मेही नव्हेत, ती कृपा कमावत नाही. पुण्याची भाषा ट्रेंट नंतरच्या टप्प्यावर आणते, तीही ऑगस्टीनच्या विचाराला धरून : देव आपल्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा स्वतःच्याच देणग्यांना घालतो. दुसऱ्या बाजूने, लूथर कर्मांविरुद्ध होते हेही खोटे. रोमकरांस पत्राच्या 1522 च्या प्रस्तावनेत ते लिहितात की खरा विश्वास चांगली कामे करायची का असे विचारत बसत नाही. विचारण्याआधीच ती करून मोकळा होतो.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपण स्वीकारले जातो ते केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पुण्यामुळे नव्हे, आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवे करून सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असे दोघांनी मिळून म्हटले. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांची जागतिक संघटना 2017 मध्ये त्यात सामील झाली. सगळे मिटले असे नाही : पुण्य, शोधनस्थान (मरणानंतरच्या शुद्धीची अवस्था), तारणाची खात्री, हे मुद्दे शिल्लक आहेत.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या या भांडणात नव्हत्याच. त्यांच्याकडे पाप हा गुन्ह्यापेक्षा आजार, आणि तारण म्हणजे निकालापेक्षा देवाच्या जीवनात सहभागी होणे. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास यांनी मांडले की देवाचे तत्त्व अगम्य आहे, पण त्याच्या शक्ती माणसापर्यंत पोहोचतात, आणि कृपा म्हणजे ती अनिर्मित शक्ती, खुद्द देवच. म्हणून 'कृपा किती मिळाली' हा प्रश्न त्यांना विचित्र वाटतो. माणसाचे सहकार्य ते मोकळेपणाने मानतात, पण ते निम्मे-निम्मे वाटणीचे नाही. बी उगवणे आणि सूर्य तापणे यांत टक्केवारी काढत नाहीत तसे.

कृपा नाकारता येते का? रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या डॉर्ट येथील सभेची (1618-19) परंपरा म्हणते, निवडलेल्यांच्या बाबतीत ती अखेर यशस्वी होतेच. तिला विरोध करणारे आर्मिनियसचे अनुयायी, मेथडिस्ट चळवळीचे वेस्ली, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात, नाकारता येते. गमावता येते का, यावरही साधारण हीच फळी. लूथरनही दुसऱ्या गटाजवळ जातात. एक दुरुस्ती मात्र सगळ्यांनी करून घ्यावी : 'कृपेतून पतन' हा शब्दप्रयोग पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या 5:4 मधला, आणि तिथे तो कुकर्मात पडलेल्यांसाठी नसून नियम पाळून स्वतःला नीतिमान ठरवू पाहणाऱ्यांसाठी आहे.

प्रत्यक्ष आध्यात्मिक मार्गदर्शनात बिघाड होतो तो बहुधा चार जागी.

क्षमा मिळाली तरी मिळालीच नाही असे वाटून तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणारे लोक असतात. त्यांना 'आणखी मनापासून पश्चात्ताप कर' सांगणे म्हणजे आगीत तेल; ते आधीच पश्चात्तापाचे वजन करत आहेत. कॅथलिक परंपरेतला जुना सल्ला जास्त शहाणा : एकच धर्मगुरू धरावा, त्याचा शब्द मानावा, कबूल केलेले पुन्हा काढू नये. भावना ही कृपेची मोजपट्टी नव्हे. हा प्रकार रोजच्या जगण्यावर चढू लागला तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवावे. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

दुसरे, प्रायश्चित्ताला क्षमेची किंमत समजणे. आजच्या कॅथलिक विधीत पापमुक्तीचे शब्द आधी उच्चारले जातात, दिलेले प्रायश्चित्त माणूस नंतर पार पाडतो. आरंभीच्या शतकांत सार्वजनिक प्रायश्चित्त आधी आणि समेट नंतर, कधीकधी वर्षांनंतर, असे होते. आजचा विधी क्रमाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, पण तो समजावून सांगितला नाही तर लोकांच्या मनात जुनाच हिशेब चालू राहतो.

तिसरे, क्षमा झाली म्हणजे भरपाई संपली असे धरणे. गणना 5:7 प्रमाणे कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. जक्कय त्याच्याही पुढे जातो. देवाने माफ केले म्हणून शेजाऱ्याचे पैसे बुडत नाहीत, आणि गुन्हा असेल तर कायद्याची शिक्षाही टळत नाही.

चौथे सर्वांत वाईट : ज्याने छळ केला तोच, किंवा त्याच्या बाजूचे लोक, छळ झालेल्या व्यक्तीला 'कृपेने क्षमा कर आणि गप्प राहा' म्हणतात. त्यासाठी मत्तय 18 मधला निर्दय चाकर पुढे केला जातो. ती गोष्ट नीट वाचा. राजाने एका चाकराचे 10,000 तालंतांचे कर्ज माफ केले. एक तालंत सुमारे 6,000 दीनार, आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे दीड लाखाहून अधिक वर्षांची कमाई. त्याचे दुसऱ्या चाकराकडून येणे 100 दीनार. एवढे सुटलेला तो बाहेर पडून त्या सोबत्याचा गळा धरतो. गोष्टीत जाब विचारला गेला आहे तो गळा धरणाऱ्याला. ज्याचा गळा धरला गेला, त्याच्याकडे राजाने काहीही मागितलेले नाही. आणि बाकीच्या चाकरांनी घडलेला प्रकार जाऊन राजाला सांगितला, त्याबद्दल त्यांना कोणी दोष दिलेला नाही.